कपड्यातली माया

गेल्या डिसेंबरात दादरच्या बाजूच्या एका महाविद्यालयाच्या महोत्सवात 'टाकाऊतून टिकाऊ' या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून मी गेले होते. जुन्या कपड्यांतून नवी फॅशन, असा विषय होता. ज्या जाकिटाला पहिला क्रमांक द्यावा असे आम्हा तिघांपैकी दोघांच्या मनात होते, ते खरोखरच देखणे होते. निळ्याच्या तीन छटांच्या जीन्स कापून जोडलेल्या, बाह्यांना पैठणीच्या जुन्या काठाची पट्टी आणि पाठीवर खणाच्या कापडातून कापलेला मोठा सूर्य. करणारी मुलगी दुसऱ्या वर्षाला होती आणि रंगांची तिची जाण मला हेवा वाटावा इतकी पक्की होती. या जीन्स कोणाच्या, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, "फॅशन स्ट्रीटवरून आणल्या, मॅम. घरी जुन्या होत्या, पण शेड जुळत नव्हती." सूर्याला बोट लावून पाहिले, तर तो शिवलेला नव्हता, ग्लू गनने चिकटवलेला होता. धुतल्यावर राहील का, या प्रश्नावर तिने प्रामाणिकपणे सांगितले, "हे धुवायचं नाहीये. रील शूट करून झालंय."

तीन नव्याकोऱ्या जीन्स विकत आणून कापल्या गेल्या होत्या आणि त्यांचे जे झाले ते एकदाच अंगावर चढणार होते. स्पर्धेच्या नावातले दोन्ही शब्द खोटे ठरले, पण मी हे त्या मुलीची थट्टा करण्यासाठी सांगत नाही. कपडा जुना असावा किंवा शिवलेला असावा, असे नियमावलीत कुठेही लिहिलेले नव्हते. गुण होते ते सादरीकरणाला, नावीन्याला आणि 'सस्टेनेबिलिटीच्या संदेशाला'. आणि संदेश तर तिने खिशाला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिला होताच. जे मागितले ते तिने दिले. मागण्यात चूक होती आणि मागणारे आम्ही होतो.

स्वतःच्या हाताने कपडे कापण्याची, रंगवण्याची, सजवण्याची जी लाट सध्या तरुणांत आहे आणि जिला सगळे 'डीआयवाय' म्हणतात, ती झटपट फॅशनला मिळालेले उत्तर आहे, असे आपण गृहीत धरू लागलो आहोत. महाविद्यालये तिच्या कार्यशाळा घेतात, मॉलमध्ये सुटीच्या दिवशी टी-शर्ट रंगवण्याची टेबले मांडली जातात आणि पर्यावरणाच्या प्रत्येक कार्यक्रमात जुन्या जीन्सच्या पिशवीचे प्रात्यक्षिक ठरलेले असते. माझे म्हणणे असे, की हे उत्तर आज तरी अर्धवट आहे. सजावटीपासून सुरू होऊन सजावटीपाशीच संपणारी हौस ही बाजाराचेच एक दालन आहे. उसवलेले शिवणे, सैल कपडा मापात आणणे आणि हातातले कापड ओळखणे इथून जर ती सुरू झाली, तरच तिला बाजाराविरुद्ध काही बळ येईल. आणि ही सुरुवात शाळेने, महाविद्यालयाने व महापालिकेने करून द्यावी लागेल, ती एकट्या मुलामुलींच्या उत्साहावर सोडून चालणार नाही.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. २००० साली जगात वर्षाला सुमारे ५ कोटी ८० लाख टन धागा तयार होत होता. २०२२ साली तो आकडा ११ कोटी ६० लाख टनांवर गेला. त्यात निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर, म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने २०१७ साली केलेल्या हिशेबानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्याच्या रूपात परत येतो. भारतात दरवर्षी साठणारा कापडी कचरा 'फॅशन फॉर गुड' या संस्थेच्या २०२२च्या अहवालाने सुमारे ७८ लाख टन धरला आहे. त्यातला बराचसा पानिपतसारख्या ठिकाणी पिंजून घोंगड्या-ब्लँकेटांत जिरतो, हे खरे. पण तिथपर्यंत पोचलेला कपडा पुन्हा अंगावर घालण्याचा कपडा होत नाही. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून मोजले तर सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पाठ असून तो टी-शर्ट तीन महिन्यांत बाद होतो, एवढेच.

तो इतक्या लवकर का बाद होतो, याचे उत्तर कापडाच्या दर्जात जितके आहे तितकेच टुमेच्या वेगात आहे. टूम हा आपल्याकडचा जुना आणि नेमका शब्द. टूम निघते, असे आपण म्हणतो; ती कोणी काढली हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. पूर्वीही टुमा निघत होत्याच. १९७०च्या दशकात पडद्यावर बेलबॉटम दिसली, की गिरगावातली मुले हिंदमातावरून कापड घेऊन शिंप्याकडे जात, शिंपी आठवड्याची मुदत देऊन पंधरा दिवस लावी, आणि अखेर जी पँट मिळे ती टूम ओसरल्यावरही ठणठणीत असे. मग त्याच शिंप्याकडून तिची मोहरी अरुंद करून घेतली जाई आणि पुढे ती धाकट्या भावाकडे जाई. या सगळ्याला कोणी स्वतः करा चळवळ म्हटले नाही, काटकसर म्हटले. आज वेगाचे गणित बदलले आहे. टाटा समूहातील ट्रेंटने २०१६ साली झुडिओ ही स्वस्त कपड्यांची दुकाने आणली. शीन या चिनी कंपनीच्या ॲपवर २०२० साली बंदी आली आणि २०२५ साली ते रिलायन्सच्या हातून परत आले. ही दुकाने चांगली की वाईट, हा मुद्दा येथे नाही. चित्रात दिसलेला कपडा काही आठवड्यांत पाचशे रुपयांना हातात पडण्याची सोय झाली, की तो पुढल्या चित्रापर्यंतच चालावा अशा बेताने शिवला जातो, हा मुद्दा आहे.

आणि घरी करण्याच्या सजावटीचे व्हिडिओही याच घड्याळावर चालतात. एका महिन्यात जीन्सवर मोती, दुसऱ्या महिन्यात खांद्यावर रिबिनीचे बो, तिसऱ्या महिन्यात शर्टाच्या कडा ब्लेडने विस्कटलेल्या. मोती प्लास्टिकचे, रिबीन पॉलिएस्टरची, रंग ॲक्रिलिकचा आणि डिंक ग्लू गनचा. एका जातीच्या धाग्याचे कापड पिंजून पुन्हा धागा काढणे त्यातल्या त्यात सोपे. त्यावर चार जातींचे प्लास्टिक चिकटवले, की पानिपतचा कारखानाही तो कपडा बाजूला टाकतो. म्हणजे जो सुती शर्ट निदान फडके तरी झाला असता, तो आपण प्रेमाने, मेहनतीने, स्वतःच्या हातांनी थेट देवनारच्या कचराभूमीच्या लायकीचा करून ठेवतो.

जीन्सचीच गोष्ट घ्या, कारण या हौसेचे सर्वांत आवडते कापड तेच आहे. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. नवऱ्याच्या पँटचे खिसे सारखे फाटतात अशी एका लाकूडतोड्याच्या बायकोची तक्रार आली, तेव्हा डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिबिट ठोकले. त्याला कापड पुरवणारा सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी लिवाय स्ट्रॉस याच्याबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट घेतले. कपडा फाटू नये म्हणून एका शिंप्याने केलेल्या खटपटीतून जी वस्तू जन्मली, ती आज दुकानात फाडून विकली जाते आणि न फाडलेलीपेक्षा महाग विकली जाते. बरे, हे फाटणे-विटणेही फुकट होत नाही. डेनिमचा उभा धागा निळीत बुडवलेला असतो, पण निळी धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही आणि आडवा धागा पांढराच राहतो; म्हणून घासले की पांढरेपणा वर येतो. वर्षानुवर्षे वापरून येणारा हा रंग कारखान्यात तासाभरात आणण्यासाठी कापडावर वाळूचा फवारा मारत असत. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण मजुरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन त्यांना सिलिकोसिस होऊ लागला, तेव्हा २००९ साली त्या देशाने या पद्धतीवर बंदी घातली. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. मुंबईच्या बाजारातल्या कितीतरी जीन्स उल्हासनगरच्या आहेत, आणि तिथल्या उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. विटकी दिसावी म्हणून धुतलेल्या प्रत्येक जीन्सचे निळे पाणी कुठल्या तरी नाल्यातून वाहिलेले असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. स्वस्त कपड्यांवर टीका करणारे लोक बहुधा स्वतः स्वस्त कपड्यांवर अवलंबून नसतात. सकाळच्या आठ-चाळीसच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात उभे राहून पाहिले, तर गोवंडीहून येणारी मुलगी आणि मुलुंडच्या टॉवरमधून येणारी मुलगी कपड्यांवरून ओळखू येत नाहीत. असे या शहरात यापूर्वी कधी झाले नव्हते. महाड येथे डिसेंबर १९२७मध्ये सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले होते, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाकून देण्यास सांगितले होते आणि स्वच्छ राहण्याचा आग्रह धरला होता. ज्यांच्या कपड्यांवर जातीने निर्बंध घातले, ज्यांना दुसऱ्यांची उतरलेली वस्त्रे घालावी लागली, त्यांच्या घरातल्या मुलीने नवा कपडा विकत घेणे ही चैन नसून तो हिशेब चुकता करणे आहे. तिला 'ठिगळ लाव, जुने वापर' हा उपदेश कोणी करायचा?

हाच पेच या शहराला १९२१ सालीही पडला होता. त्या वर्षी ३१ जुलैला परळमध्ये गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली, तेव्हा ज्या देशात लोकांना अंगभर वस्त्र नाही तिथे कापड जाळण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असा प्रश्न रवींद्रनाथ ठाकुरांनी विचारला होता. मला ठाकुरांचा प्रश्न आजही लागू वाटतो. म्हणूनच स्वस्त दुकानांवर बहिष्कार घाला, असे मी म्हणणार नाही. ठिगळाची फॅशन तेव्हाच होते, जेव्हा ते नसतानाही आपले भागू शकते. बांद्र्याच्या दुकानात ठिगळ लावलेले जाकीट आठ हजारांना लटकत असते आणि दोन रस्ते पलीकडे घरकाम करणाऱ्या बाई आपल्या मुलाच्या गणवेशाचा गुडघा अशा सफाईने शिवतात, की ते ठिगळ वर्गात कोणाच्या लक्षात येऊ नये. ते जाकीट विकत घेणारी आणि या बाई, दोघींपैकी सुईवर हुकमत कोणाची आहे, हे सांगायला नको. म्हणून मी जे मागते आहे ते काटकसरीचा उपदेश नव्हे. मी कौशल्य मागते आहे, आणि ते ज्याच्याकडे पाचशे रुपयांचाच कपडा आहे त्याच्या सर्वांत अधिक कामाचे आहे. कारण त्याचा कपडा सहा महिन्यांऐवजी दोन वर्षे चालला, तर वाचलेले पैसे त्याचे आहेत.

हे कौशल्य आपल्याकडे नव्हते असे नाही. जुन्या लुगड्याचा मधला विरलेला भाग कापून दोन टोके जोडत, त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर चाले. त्यानंतर त्याची झबली-दुपटी होत, मग गोधडी, मग पायपुसणे. जे घरात जिरत नसे ते बोहारणीकडे जाई. दुपारच्या वेळी चाळीच्या जिन्यात टोपलीभर भांडी घेऊन बसणाऱ्या बोहारणीशी एका पातेल्यासाठी अर्धा तास चालणारी घासाघीस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जुन्या कपड्याचीही किंमत असते हे वेगळे शिकवावे लागले नाही. आणि लालबाग-परळमधल्या पुष्कळ घरांत तर कापड ही माहितीची गोष्ट होती. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभा राहणारा कामगार बोटांत कापड चोळून त्याचा पोत सांगत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, पुढे गिरण्या एकेक करून गेल्या, आणि ही बोटांतली माहितीही त्यांच्याबरोबर गेली. त्या जागांवर आता कपडे विकणारे मॉल आहेत, हे लिहून लिहून गुळगुळीत झालेले वाक्य मी टाळते.

माझ्या दृष्टीने जुन्या शिवणकामातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला मराठीत माया म्हणतात. आई मला परकराचे पोलके शिवायची तेव्हा काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी बोटभर माया ठेवायची, खाली दोन दुमडी घालायची, आणि दर उन्हाळ्यात एकेक टीप उसवून तेच पोलके माझ्याबरोबर वाढवायची. नको असलेले सामान डोक्यावर घेऊन फिरणे म्हणजे माया, असे कीर्तनकार सांगत, तर शिंपी म्हणे, माया नसेल तर कपडा उपयोगाचा नाही. मला या बाबतीत शिंप्याचे पटते. आज दुकानातल्या पाचशे रुपयांच्या कुर्त्याची शिवण उलटून पाहा. ओव्हरलॉकच्या तीन दोऱ्यांखाली जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर कापड असते. लाखो नगांत प्रत्येकी दोन बोटे कापड वाचले की कारखान्याचे किती वाचते, याचा अंदाज कोणालाही येईल. पण त्यामुळे तो कुर्ता दोन किलो वजन वाढले की संपतो. तो फाटत नाही, विटत नाही, नुसता अंगाला येईनासा होतो, आणि त्यावर घरात काही इलाज उरत नाही.

म्हणून तरुणांसाठी कार्यशाळा घ्यायचीच असेल, तर तिचा पहिला धडा दुकानात कपडा उलटून पाहण्याचा असावा. माया किती आहे, टीप इंचाला किती टाक्यांची आहे, बटणाला देठ ठेवला आहे का, चौकड्या शिवणीवर जुळतात का. दुसरा धडा कापड ओळखण्याचा. शिवणीतून एक धागा काढून काडीने पेटवला, तर सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. ही दोन मिनिटांची परीक्षा ज्याला माहीत नाही, तो बांधणीचा रंग घरी आणून पॉलिएस्टरच्या टी-शर्टवर ओततो आणि पहिल्या धुण्यात सगळा रंग मोरीत गेला की विकणाऱ्याला शिव्या देतो. कारण सुतावर चढणारे रंग त्या धाग्यावर बसतच नाहीत, त्याला वेगळे रंग आणि भरपूर उष्णता लागते. होजियरीचे कापड कापले तर त्याची कड गुंडाळते पण सुटत नाही, मागावर विणलेल्या कापडाची कड सुटत जाते. एवढे कळले तरी निम्मे कापलेले टी-शर्ट आणि निम्म्या विस्कटलेल्या जीन्स वाचतील. मग धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काजे आणि बटण. याला चार रविवार पुरतात. त्यानंतर ज्याला सूर्य लावायचा आहे त्याने खुशाल लावावा, तो शिवलेला असेल आणि बहुधा सुंदरही असेल. सजावटीला माझा विरोध नाही, कशिदाकारीला तर नाहीच. बंगालचा कांथा किंवा जपानचा साशिको पाहिला तर दिसते, की टिकाऊपणासाठी घातलेला साधा धावदोराच तिथे नक्षी होऊन बसला आहे. आपल्या गोधडीचेही तेच. नक्षी आधी आणि टाका नंतर, हा क्रम मात्र त्यांपैकी कोणीही ठेवलेला नाही.

हे सगळे मुलींनी शिकायचे, असे कोणी वाचले असेल तर ते चुकले. शिवण हा विषय माझ्या पिढीतल्या मुलींवर लादला गेला होता. मुलगे मैदानावर असत आणि आम्ही बाहुलीच्या झबल्याला गळपट्टी लावत असू. त्यामुळे पुढे ज्या बायकांनी 'मला सुई धरता येत नाही' हे अभिमानाने सांगितले, त्यांचा राग मी समजू शकते. पण गंमत अशी, की पैसे मिळणारे शिवणकाम या शहरात अजूनही मुख्यतः पुरुषांच्याच हातात आहे. धारावीतल्या कारखान्यात मशीनवर बसलेला पुरुष, स्टेशनबाहेर जीन्स आखूड करून देणारा पुरुष, लग्नाचा सूट शिवणारा पुरुष. आणि तरीही शिलाई मशीन वाटपाचे सरकारी वा राजकीय कार्यक्रम असतात ते बायकांसाठीच. म्हणजे सुई पुरुषाच्या हातात धंदा आणि बाईच्या हातात कर्तव्य. हा भेद मोडायचा असेल तर शिवण शिकवायची ती वर्गातल्या प्रत्येकाला, हजेरीपटावरच्या क्रमाने.

त्यासाठी नवे धोरणही लागत नाही. हाताने काम करत शिकण्याची कल्पना १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून आपल्याकडे मांडलेली आहे. कार्यानुभव हा विषय महाराष्ट्राच्या शाळांत किती वर्षे आहे, आणि त्याच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पूर्ण करून घेण्याची प्रथाही तितकीच जुनी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावे असे सुचवले आहे. त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांची नावे घेतली आहेत. मुंबईतल्या शाळेने कुंभार शोधायला जाण्यापेक्षा फाटकाबाहेरच्या शिंप्यापासून सुरुवात करणे सोपे आहे.

फाटकाबाहेरच्या या शिंप्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण कपडा वाचवण्याचे सर्वाधिक काम आज तोच करतो आणि धोरणांच्या चर्चेत त्याचे नावही नसते. दादर, घाटकोपर, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पायाचे मशीन, छत्री आणि दोऱ्यांचा डबा घेऊन बसलेला हा माणूस चेन बदलतो, रफू करतो, मोहरी लहान करतो, बॅगेचा पट्टा शिवतो. त्याच्याकडे एका दिवसात वाचणारे कपडे कुठल्याही महोत्सवातल्या कपड्यांहून अधिक असतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये रस्त्यावर वस्तू विकणाऱ्यांबरोबर सेवा देणाऱ्यांचाही समावेश आहे, म्हणजे कायद्याने तो पथविक्रेता आहे. पण महापालिकेची गाडी आली की मशीन उचलून गल्लीत पळावे लागते, हा अनुभव त्याला कायद्याहून जवळचा आहे. फ्रान्सने २०२३ साली कपडे व पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्यांना दर दुरुस्तीमागे सहा ते पंचवीस युरोंपर्यंत सवलत देण्यास सुरुवात केली आणि तिचा खर्च कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागवला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ काढले, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चारच क्षेत्रे आहेत, कपडे नाहीत. सवलतीचे पैसे आपल्याला परवडतील की नाही, यावर वाद होऊ शकतो. प्रत्येक स्टेशनाबाहेर दोन शिंप्यांना चार फूट जागा पक्की करून देणे परवडणार नाही, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

जागेचा प्रश्न घरातही आहेच. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे आजीचे मशीन कॉटखाली घडी होऊन पडलेले असते, आणि एक दिवस ते भंगारात जाते, कारण तेवढ्या जागेत नातवाचे टेबल बसते. अशा घरातल्या मुलाला 'स्वतः कर' म्हणून सांगताना कुठे बसून करू, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे. वस्त्यांमधल्या अभ्यासिका रात्री भरलेल्या असतात, पण दुपारी पुष्कळ ठिकाणी रिकाम्या. गणेशोत्सव मंडळांची कार्यालये वर्षाचे दहा महिने सतरंज्या आणि फोटोंच्या पहाऱ्यावर असतात. तिथे दोन मशीन, एक इस्त्री, एक मोठे टेबल आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा शिंपी, एवढे झाले तर वस्तीतली मुले चित्रातला कपडा पाहून स्वतःच्या मापाचा शिवूही लागतील. धारावीच्या आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत बेतण्यातून उरणारी चिंधी पोत्यांनी विकली जाते, ती कापड म्हणून तिथे मिळू शकते. मंडळांना हे सुचवले तर ती हसतील, असे मला एका कार्यकर्त्यानेच सांगितले. मात्र मखराच्या पडद्यांना चुण्या घालायला माणूस मिळत नाही, ही तक्रारही त्याचीच होती.

त्या जाकिटाला अखेर दुसरा क्रमांक मिळाला. पहिला मिळाला तो एका मुलाच्या साध्या शर्टाला, ज्याची विरलेली कॉलर त्याने सुटी करून, उलटी फिरवून पुन्हा शिवली होती. शिंपी लोक पूर्वी सर्रास करत ते काम. टाळ्या कमी पडल्या, कारण लांबून पाहणाऱ्याला त्या शर्टाचे काहीच झालेले दिसत नव्हते. स्पर्धा संपल्यावर मी आयोजकांना दोन नियम लिहून पाठवले : कपडा किमान एक वर्ष घरात वापरलेला असावा, आणि निकालापूर्वी तो सर्वांसमोर धुतला जावा. त्यांचे उत्तर आले आहे. पहिला नियम त्यांना मान्य आहे. दुसऱ्यासाठी बादल्यांची सोय होईल, पण इतके कपडे वाळत कुठे घालायचे, असे त्यांनी विचारले आहे. मी गच्ची सुचवली आहे.